धडा झाला, गोष्ट राहिली

दहावीतल्या कोणत्याही मुलाचं इंग्रजीचं पुस्तक उघडून बघा. कथेच्या ओळींवर पेन्सिलीने मराठी अर्थ लिहिलेले, समासात लाल पेनाने 'आय. एम. पी.', आणि वहीत गाइडमधून उतरवलेली प्रश्नोत्तरं. धडा झाला का, असं विचारलं तर मूल 'हो' म्हणतं आणि ते खरंही असतं. पण गोष्टीत काय झालं ते सांग म्हटलं, की नजर खाली पुस्तकाकडे जाते. यात मुलाला दोष देण्यात अर्थ नाही. कथा आणि भाषा यांबद्दलच्या काही समजुती घरात, वर्गात आणि खासगी क्लासमध्ये इतक्या पक्क्या बसल्या आहेत की मुलाला गोष्टीपर्यंत पोचायला वाटच राहत नाही. महाराष्ट्रात 2000 सालापासून मराठी शाळांतही पहिलीपासून इंग्रजी आहे. म्हणजे दहावीपर्यंत दहा वर्षं मूल ही भाषा शिकतं. एवढ्या वर्षांत एक साधी कथा आपली आपण वाचून तिच्याबद्दल चार वाक्यं बोलता यायलाच हवीत. ती का येत नाहीत, हे या समजुतींकडे बघितलं की कळतं.

गैरसमज : कथा ही करमणूक. भाषा शिकायची ती व्याकरणातून, आणि गुणही तिथेच मिळतात.

पालक आधी गुणांचं विचारतात, म्हणून तिथूनच सुरुवात करू. सीबीएसईच्या दहावीच्या इंग्रजीत अलीकडे 80 गुणांच्या लेखी परीक्षेची विभागणी अशी असते : वाचनाला 20, व्याकरण आणि लेखनाला मिळून 20, साहित्याला 40. त्यात निव्वळ व्याकरणाचे गुण 10. आपल्या राज्य मंडळाच्या कृतिपत्रिकेत तर व्याकरणाचे बरेच प्रश्न उताऱ्याच्या पोटातूनच येतात. एकाच उताऱ्यावर आधी सरळ माहिती, मग थोडा विचार करून शोधायची माहिती, मग शब्दसंपत्ती, मग व्याकरण आणि शेवटी मुलाचं स्वतःचं मत. उतारा कळलाच नसेल, तर नियम पाठ असूनही मूल अडतं.

पण गुण बाजूला ठेवले तरी हा समज टिकत नाही. 'ए' आणि 'द' ही उपपदं घ्या. मराठीत अशी उपपदं नाहीत, त्यामुळे आपल्या मुलांना ती वर्षानुवर्षं छळतात. 'विशिष्ट वस्तूला द लावावे' हा नियम सगळ्यांना पाठ असतो आणि रिकाम्या जागा भरताना सगळे चुकतात, कारण सुट्या वाक्यात ती वस्तू विशिष्ट आहे की नाही हे कळणार कसं? तेच एखाद्या कथेच्या पहिल्या परिच्छेदात बघा. माणूस पहिल्यांदा येतो तेव्हा त्याच्या आधी 'ए' असतो. दुसऱ्या वाक्यापासून वाचक त्याला ओळखतो, म्हणून 'द' येतो. आजीच्या गोष्टीतही हेच घडतं : एक राजा होता, त्या राजाला दोन राण्या होत्या. आधी 'एक', मग 'त्या'. लहानपणापासून कानावर पडलेली ही रीत इंग्रजी कथेत दाखवली, की मुलांच्या चेहऱ्यावर उजेड पडतो. वर्कबुकाची दहा पानं भरून जे साधत नाही, ते एका परिच्छेदावर थांबल्याने साधतं.

काळाचंही तसंच. 'हॅड आणि क्रियापदाचं तिसरं रूप' हे सूत्र मुलं झोपेतही सांगतील, पण ते कशाला वापरायचं हे विचारलं की गप्प. पोलीस आले तेव्हा चोर पळाला, आणि पोलीस आले तेव्हा चोर पळाला होता. पहिल्या वाक्यात पाठलागाला वाव आहे, दुसऱ्यात पोलिसांच्या हाती रिकामं घर लागतं. कथेत घटनांची मागची-पुढची साखळी असते आणि तिथेच या 'हॅड'चं काम दिसतं. आणखी एक अडचण खास आपली आहे. आपण मराठीत गोष्ट रंगवून सांगतो तेव्हा भूतकाळातून सहज वर्तमानकाळात येतो : राजा गेला, बघतो तर काय, राणी रडतेय. इंग्रजीत गोष्ट लिहितानाही मुलं हीच रीत वापरतात आणि 'काळ चुकला' म्हणून गुण जातात. आपण कुठे आणि का घसरतो हे त्यांना कोणी सांगितलेलंच नसतं. इंग्रजी कथा बहुधा साध्या भूतकाळात कशी चालत राहते, ते सलग दोन पानं वाचूनच अंगवळणी पडतं.

गैरसमज : शब्दार्थ कळले की कथा कळली.

सगळ्यांत जास्त नुकसान या समजुतीने केलं आहे, म्हणून इथे जरा थांबतो.

रस्किन बाँड यांची 'द थीफ्स स्टोरी' ही कथा एनसीईआरटीच्या दहावीच्या 'फुटप्रिंट्स विदाउट फीट' या पूरक पुस्तकात आहे. भाषा अगदी सोपी, आठवीतल्या मुलालाही बहुतेक शब्द ओळखीचे. स्वतःला हरी सिंग म्हणवणारा 15 वर्षांचा एक चोर पोरगा अनिल नावाच्या तरुणाकडे कामाला राहतो. अनिल मासिकांत लिहून कसंबसं भागवतो. बाजारहाट करताना हरी रोज रुपयाभर खिशात घालतो. अनिलला ते ठाऊक असतं, पण तो बोलत नाही. उलट त्याला लिहायला शिकवतो. एका रात्री हरी अनिलच्या गादीखालून सहाशे रुपये काढतो, सगळ्या पन्नासाच्या नोटा. स्टेशनवर जातो. लखनौ एक्स्प्रेस निघते, धावत जाऊन चढता आलं असतं, तरी तो चढत नाही. मग पाऊस येतो, हरी भिजतो, नोटाही भिजतात. रात्रीच परत येऊन तो पैसे होते तिथे ठेवून देतो. सकाळी अनिलने चहा केलेला असतो. तो हरीच्या हातावर पन्नासाची एक नोट ठेवतो, यापुढे नियमित पगार मिळेल म्हणतो आणि आजपासून वाक्यं लिहायला शिकू म्हणतो. नोट अजून ओली असते.

आता शब्दार्थांच्या वाटेने गेलेल्या मुलाला विचारा, अनिलला चोरी कळली हे हरीला कशावरून समजलं? 'वेट' म्हणजे ओला हे त्याने पेन्सिलीने लिहून ठेवलेलं असतं. पण नोट ओली असण्याचा आणि रात्रीच्या पावसाचा संबंध त्याचा त्याने जोडायचा असतो, आणि कोणत्याही शब्दकोशात तो सापडत नाही. त्याच्यापुढचा प्रश्न आणखी मोलाचा : अनिलने त्याला नेमकी तीच नोट का दिली असेल? ती सहज हाताला लागली म्हणून, की मला कळलंय हे हरीला न बोलता सांगायचं होतं म्हणून? बाँड यांनी याचं उत्तर लिहिलेलं नाही. ते वाचणाऱ्याने शोधायचं आणि आपलं उत्तर कथेतल्या कोणत्या ओळीवर उभं आहे ते दाखवायचं.

आणखी एक जागा दाखवतो. कथेच्या सुरुवातीला अनिलला आपलंसं करायला हरी मुद्दाम गोड हसतो. शेवटीही तो तसंच हसतो, पण ते हसू आपोआप येतं, प्रयत्न करावा लागत नाही. दोन्ही हसण्यांच्या मध्ये काही पानांचं अंतर आहे. ज्या मुलाला दुसरं हसू वाचताना पहिलं आठवतं, त्याला वाचता येतं असं मी बेधडक म्हणेन. गाडी का सोडली, हे हरीला स्वतःलाही नीट सांगता येत नाही आणि तो तसं कबूल करतो. जे सांगणाऱ्याला उमगत नाही ते ऐकणाऱ्याला उमगावं, ही कथेची सगळ्यांत मोठी शिकवणी आहे. पुढे हेच मूल करारपत्र वाचेल, बातमी वाचेल, एखाद्या अधिकाऱ्याचं गोड शब्दांतलं नकाराचं पत्र वाचेल, तेव्हा हीच सवय त्याच्या कामाला येणार आहे.

गैरसमज : अडलेला प्रत्येक शब्द लगेच शोधलाच पाहिजे.

मेक्सिकन लेखक ग्रेगोरिओ लोपेझ इ फुएन्तेस यांची 'अ लेटर टू गॉड' ही कथा सीबीएसईची मुलं दहावीत वाचतात. गारांनी पीक झोडपल्यावर लेंचो नावाचा शेतकरी देवाला पत्र लिहून शंभर पेसो मागतो. पोस्टमास्तरचं मन द्रवतं, तो आणि त्याचे सहकारी पदरचे पैसे घालतात. लेंचोच्या हाती सत्तर पेसो पडतात. तो रागावतो आणि देवाला दुसरं पत्र लिहितो : उरलेले पाठव, पण टपालाने नको, कारण इथले कर्मचारी 'क्रुक्स' आहेत. हा शब्द माहीत नसलेलं मूल इथे अडेल का? शंभर मागितले, सत्तर मिळाले, देव तर चुकणार नाही, मग मधल्या माणसांबद्दल लेंचो काय म्हणेल? कथेने एवढं सगळं हातात दिल्यावर अर्थ मुलाचं मूलच सांगतं, आणि स्वतः शोधलेला म्हणून तो लक्षातही राहतो.

मात्र अंदाजालाही मर्यादा असते. हू आणि नेशन या अभ्यासकांनी 2000 साली दाखवून दिलं की कोणाच्या मदतीशिवाय कथा समजायची तर तिच्यातले सुमारे 98 टक्के शब्द ओळखीचे असावे लागतात. तीनशे शब्दांचं पान असेल, तर त्यात अनोळखी शब्द जास्तीत जास्त सहा. आपल्या पुस्तकांतल्या एकेका पानावर पेन्सिलीने लिहिलेले अर्थ मोजले तर ते कितीतरी अधिक भरतात. म्हणजे पाठ्यपुस्तकातली कथा शिक्षकांच्या आधाराने वाचायची असते. मुलाने एकट्याने वाचायला त्याहून सोप्या, भरपूर गोष्टी लागतात. इथेच आपल्या शाळा कमी पडतात, आणि त्याचं मला फार वाईट वाटतं.

ही गोष्ट नवी नाही. ढाक्याच्या शिक्षक प्रशिक्षण महाविद्यालयात काम करणाऱ्या मायकेल वेस्ट यांनी बंगालमधल्या मुलांच्या इंग्रजीवर 1926 मध्ये पुस्तक लिहिलं आणि या मुलांना आधी वाचन येऊ द्या, असा आग्रह धरला. मोजक्या शब्दांत बांधलेल्या वाचनमाला त्यांनी तयार केल्या. पुढे 1953 मध्ये त्यांची सुमारे दोन हजार अत्यावश्यक इंग्रजी शब्दांची यादी आली, आणि सोप्या केलेल्या इंग्रजी गोष्टींच्या पुस्तकांना ती पुढे अनेक वर्षं आधार देत राहिली. 'सोपी केलेली कथा म्हणजे नकली कथा' असं नाक मुरडणाऱ्यांनी हा इतिहास लक्षात घ्यावा. पाठ्यपुस्तकातली मोपासांची 'द नेकलेस'सुद्धा संक्षिप्तच आहे, आणि तरी खोट्या हाराचा शेवट मुलांच्या जिव्हारी लागतो.

ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला फिजी बेटांवर एलि आणि मंगुभाई या संशोधकांनी एक प्रयोग केला. खेड्यांतल्या आठ शाळांतल्या 380 मुलांना इंग्रजी गोष्टींची 250 सचित्र पुस्तकं दिली. इंग्रजी त्यांची मातृभाषा नव्हती. काही वर्गांत शिक्षक मुलांबरोबर वाचत, काहींत मुलं आपली आपण शांतपणे वाचत. आठ महिन्यांनी तपासलं, तर वाचून आणि ऐकून समजण्यात या मुलांची प्रगती नेहमीच्या दुप्पट वेगाने झाली होती. वीस महिन्यांनी हा फायदा भाषेच्या इतर अंगांतही दिसू लागला. व्याकरणाच्या आराखड्याने शिकलेली मुलं मागे राहिली. आपल्याकडे प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हरवर 2015 पासून पायरीपायरीच्या गोष्टी फुकट मिळतात, अनेक गोष्टी मराठी आणि इंग्रजी दोन्हींत. शाळेत एक प्रिंटर आणि आठवड्याला एक तास असेल तरी सुरुवात होते.

गैरसमज : घडाघडा वाचलं म्हणजे वाचता आलं.

गफ आणि टनमर यांनी 1986 मध्ये वाचनाचं एक साधं समीकरण मांडलं : अक्षरं उलगडता येणं गुणिले भाषा समजणं. यातलं एक शून्य असलं की उत्तर शून्यच. संमेलनात इंग्रजी उतारा एकही स्पेलिंग न अडता म्हणून दाखवणारी मुलगी कौतुकाला पात्र आहे, पण तिला काय समजलं हे स्वतंत्रपणे विचारावंच लागतं. उलट मोठ्याने वाचताना अडखळणारं मूल गोष्ट पुरती समजून बसलेलं असू शकतं. अशा मुलाला सगळ्यांसमोर उभं करून वाचायला लावणं आणि हसू होऊ देणं, याने ते इंग्रजीपासून कायमचं दूर जातं.

गैरसमज : इंग्रजीच्या तासाला मराठी शब्द निघता कामा नये.

एकीकडे हा नियम आणि दुसरीकडे ओळ न् ओळ मराठीत सांगून धडा संपवणं, अशी दोन टोकं आपल्या शाळांत एकाच इमारतीत नांदतात. ओळीमागून ओळ भाषांतर करून दिलं की मुलाचे डोळे इंग्रजी पानावर राहतच नाहीत. ते शिक्षकाच्या तोंडाकडे बघत मराठी गोष्ट ऐकतं. पण मराठीला दाराबाहेर उभं करणंही चुकीचं आहे. जिम कमिन्स यांनी 1979 मध्ये मांडलं की दोन भाषांमधल्या वाचनाच्या आणि विचाराच्या क्षमता आतून जोडलेल्या असतात. व्यंकटेश माडगूळकरांची 'माणदेशी माणसं' वाचताना लेखकाने न सांगितलेलं दुःख ज्या मुलाला जाणवलं, त्याला अनिलची ओली नोट कळायला फारसं अवघड जात नाही. हे आपोआप घडत नाही, इंग्रजीचा किमान साठा लागतोच. पण तो साठा जमेपर्यंत मुलाचा विचार कोंडून ठेवण्याचं काहीच कारण नाही.

मला पटलेला मार्ग साधा आहे. मत मराठीत सांगायची मुभा द्यावी, पण ते ज्या ओळीवरून बनलं ती ओळ इंग्रजी पानावर बोट ठेवून दाखवायला लावावी. मूल बोलायला लागतं, आणि दर वेळी पानाकडे परत येतं. मग हळूहळू मतही इंग्रजीत येतं. आधी तुटक, नंतर बरं.

सेमी इंग्रजीतल्या मुलाचं इंग्रजी आपोआप पक्कं होतं, हाही याच्याच जवळचा एक समज. गणित आणि विज्ञान इंग्रजीतून शिकलेल्या मुलाला त्या विषयांची परिभाषा येते. राग, संकोच, टोमणा, माफी यांची भाषा त्या पुस्तकांत नसते. ती कथेत भेटते.

गैरसमज : इंग्रजी कथा म्हणजे इंग्रजांच्या कथा.

लेंचो मेक्सिकोचा, मूळ कथा स्पॅनिश. 'द नेकलेस' फ्रेंच. बारावीच्या पुस्तकातली 'द लास्ट लेसन' ही आल्फोन्स दोदे यांची कथाही फ्रेंच, आणि तिचा विषय काय, तर परक्या सत्तेने शाळेतून मातृभाषा काढून टाकणं. हरी सिंग आपल्याच देशातला. इंग्रजीच्या खिडकीतून मुलं निम्मं जग बघतात, हे त्यांना सांगितलं तर भाषेची भीती थोडी उतरते.

गैरसमज : प्रत्येक कथेला एक बोध असतो आणि प्रत्येक प्रश्नाला एकच उत्तर.

गाइडमध्ये लेंचोच्या कथेचा बोध असतो 'देवावर श्रद्धा ठेवा'. मग पोस्टमास्तरचं काय? पगारातला वाटा देऊन तो चोर ठरला, त्याला कथेत कुठेच न्याय मिळत नाही. एखादी मुलगी म्हणते, लेंचोची श्रद्धा खरी आहे पण माणसांवर त्याचा काडीचा विश्वास नाही. एखादा मुलगा म्हणतो, पोस्टमास्तरने देवाचं नाव पुढे करून मदत करायला नको होती. दोघांनी कथेतून आधार दिला, तर दोन्ही उत्तरं पुऱ्या गुणांची आहेत. कृतिपत्रिकेत स्वतःच्या मताचा प्रश्न असतो तो याचसाठी. तोच प्रश्न गाइडातून पाठ करून लिहायचा म्हणजे मुलाकडे मत मागून ते हातोहात परत घेण्यासारखं आहे. कथेत नसलेलं उत्तर मात्र चूकच. 'माझं मत' म्हणून काहीही चालतं, हा उलटा गैरसमजही पसरू देता कामा नये.

गैरसमज : गोष्ट लिहिणं ही देणगी. ज्याला नाही त्याने दोन-चार पाठ करून ठेवाव्यात.

कावळा आणि घडा, लाकूडतोड्या आणि कुऱ्हाड. मुद्दे कोणतेही दिलेले असोत, त्यांत याच गोष्टी कोंबलेल्या दिसतात. गोष्ट लिहिणं शिकवता येतं, आणि वाचलेल्या कथेवरच शिकवता येतं. बाँड यांची कथा वाचून झाल्यावर मुलांना सांगावं : आता हीच गोष्ट अनिलच्या तोंडून लिहा. सुरुवात सकाळी गादी उचलतो तिथून करा. लिहायला बसल्यावर मुलांच्या लक्षात येतं की अनिलला लखनौ एक्स्प्रेसबद्दल काहीच माहीत नाही, त्यामुळे ती लिहिता येणार नाही. त्याला फक्त ओल्या नोटा दिसतात, त्यावरून रात्री काय घडलं असेल ते ताडायचं आहे, आणि तिथे 'हॅड' लागतोच. जो हरीच्या गोष्टीत 'ही' होता तो आता 'आय' होतो. पोराला काय म्हणायचं, हे अनिल मनात ठरवतो आणि मग म्हणत नाही, तर ते न बोललेलं वाक्य कसं लिहायचं? काळ, सर्वनामं, अप्रत्यक्ष कथन, सगळं एका कामात येतं, आणि का येतं हे मुलाला ठाऊक असतं.

या कामाला एक तास पुरत नाही. पहिल्या तासाला वर्गात बोलून कच्चं लिहून घ्यावं, दुसऱ्या दिवशी शेजाऱ्याने वाचून जिथे समजलं नाही तिथे खूण करावी, आणि मग पुन्हा लिहावं. शिक्षकांनी पहिल्या खेपेला स्पेलिंगवर लाल पेन फिरवू नये. आधी अनिल अनिलसारखा वागतोय का ते बघावं, चुका दुसऱ्या खेपेला.